प्राणहितेचे बंदर: सिरोंचा ते यानम

फ्रान्सच्या पश्चिम आणि उत्तर बाजूची जी बंदरे इतिहासात गाजली, त्यांपैकी बोर्दो, नान्त आणि रुआं ही शहरे प्रत्यक्ष समुद्राला लागून नाहीत. ती अनुक्रमे गारोन, ल्वार आणि सीन या नद्यांच्या काठी, किनाऱ्यापासून बरीच आत वसलेली असून नदीच्या मुखातून भरतीबरोबर वर येणाऱ्या गलबतांवर त्यांची श्रीमंती उभी राहिली. बंदर म्हटले की समुद्रच हवा, ही समजूत या शहरांकडे पाहिल्यावर टिकत नाही. जिथपर्यंत मालाने भरलेली नाव पाण्यावरून जाऊ शकते तिथपर्यंत समुद्राचा व्यापार पोचतो, आणि जिथे ती रिकामी होते ते गाव बंदर होते. या कसोटीवर महाराष्ट्राच्या पार आग्नेय टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ असलेले सिरोंचा हे तालुक्याचे गाव एकोणिसाव्या शतकात बंदर होऊ घातले होते, आणि त्याच्या जलमार्गाच्या दुसऱ्या टोकाजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, यानम नावाचे खरेखुरे फ्रेंच बंदर होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रहिवाशाला सर्वांत जवळचा फ्रेंच किनारा त्याच्या स्वतःच्याच नदीच्या मुखाशी होता, ही गोष्ट या दोन जिल्ह्यांच्या वर्णनांत सहसा येत नाही. वस्तुतः सिरोंचा महाराष्ट्रात का आहे, तेथे तेलुगू का बोलली जाते आणि तो प्रदेश इतका एकाकी का राहिला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायची तर नदीच्या वाटेनेच जावे लागते.

हा प्रवास चंद्रपूरहून सुरू करणे सोयीचे. गोंड राजांनी वसवलेले आणि परकोटाने वेढलेले हे शहर इरई व झरपट या नद्यांच्या कुशीत आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत. इरईचे पाणी शहराच्या खाली वर्धा नदीला मिळते आणि बल्लारपूरच्या जुन्या किल्ल्यावरून, कागद गिरणीजवळून पुढे जाते. वर्धा ही नदी यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाचे पाणी घेऊन येते, तर वैनगंगा भंडारा-गोंदियाच्या धानाच्या प्रदेशातून, तलावांच्या मुलखातून उतरते. वैनगंगेच्या काठी चामोर्शीजवळ मार्कंडादेव येथे कोरीव मंदिरांचा समूह असून अलेक्झांडर कनिंगहॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत त्याची पाहणी केली होती. महाशिवरात्रीला तेथे भरणारी यात्रा आजही पूर्व विदर्भातील मोठ्या यात्रांपैकी एक आहे. या दोन नद्या आष्टीच्या पलीकडे, चपराळा अभयारण्याच्या परिसरात एकत्र येतात आणि तेथून पुढच्या प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळते. प्राणहिता नावाची ही नदी लांबीला केवळ 113 किलोमीटर आहे. परंतु तिच्यात येणारे पाणी गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्रातले आहे. गोदावरीला जिच्यामुळे मोठ्या नदीचे रूप येते ती हीच, आणि जलमार्गाचा विचार करणाऱ्यांचे लक्ष नाशिक-पैठणच्या गोदावरीवर न जाता प्राणहितेवर गेले ते यामुळेच.

आष्टीचा पूल ओलांडल्यावर रस्ता आलापल्लीच्या सागवनात शिरतो. येथील साग उंच, सरळ आणि गाभ्याने घट्ट असतो, असा त्याचा लौकिक ब्रिटिश काळापासून आहे आणि बल्लारपूरच्या लाकूड आगारातून तो आजही दूरवर जातो; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागलेले सागवान 2023 मध्ये याच भागातून पाठवले गेले. आलापल्लीजवळ वनखात्याने कुऱ्हाड न लावता राखलेला जंगलाचा एक तुकडा आहे, त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात, आणि जैवविविधता वारसा स्थळ म्हणून त्याला मान्यता मिळालेली आहे. रस्त्याने जाताना दिसणारे जंगल बहुतांशी नव्या वाढीचे असते. या तुकड्यात मात्र जुन्या सागाचे बुंधे दोन माणसांच्या कवेत न मावणारे आहेत आणि खाली पालापाचोळ्याचा थर इतका जाड आहे की पावलाचा आवाज होत नाही. पूर्वीच्या काळी अहेरी आणि सिरोंच्याच्या या सागाचे ओंडके हिवाळ्यात तोडून, बैलांनी ओढून नदीच्या काठी आणले जात, बांबूच्या जोडीने त्यांचे तराफे बांधले जात आणि पाणी चढले की ते प्राणहिता-गोदावरीवाटे किनाऱ्याकडे सोडले जात. सागाचे लाकूड जड असल्यामुळे ओले असताना ते नीट तरंगत नाही, म्हणून बांबूचा आधार लागे. गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा येथे गलबते बांधण्याचा मोठा उद्योग होता आणि त्याला लागणारे लाकूड नदीच्या वरच्या अंगाच्या जंगलातून येई. आगबोटीची योजना निघण्याच्या आधीपासून ही नदी अशा रीतीने मालवाहतुकीची वाट होतीच. फक्त ती एका दिशेने, पाण्याच्या ओढीने चालणारी होती.

उलट दिशेने येणारा माल मुख्यतः मीठ. पूर्व किनाऱ्यावर पिकणारे मीठ वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून जंगलातून वर आणत आणि परतताना कापूस, धान्य व वनोपज घेऊन जात. प्रवास आठवड्यांचा असे, आणि मालाच्या किमतीत वाहतुकीचाच वाटा मोठा असे.

अहेरीच्या बाजूने प्राणहितेच्या काठी उतरले की देवलमरीच्या परिसरात नदीचे रूप पालटते. वरच्या भागात रेतीचे रुंद पात्र आणि संथ पाणी असते. येथे काळ्या कातळाचे पट्टे पात्रातून आडवे वर येतात आणि पाणी त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटांनी फुटून धावते. उन्हाळ्याच्या तोंडाशी या कातळांमध्ये लहानमोठे डोह राहतात. त्यांच्या काठी कोळी जाळी वाळत घालतात आणि एका लाकडात कोरलेला डोंगा लांब बांबूने रेटत एका डोहातून दुसऱ्यात जाताना, मध्ये दगड आला की तो खांद्यावर घेऊन पलीकडे ठेवतात. डोंगा हलका असल्यामुळे हे साधते. कापसाच्या गाठींनी भरलेल्या नावेला ते अशक्य, आणि सगळ्या योजनेचे मर्म या एका अडचणीत होते. समुद्रापासून वर येताना गोदावरी-प्राणहितेच्या वाटेवर असे तीन मोठे खडकाळ टप्पे लागतात. एकोणिसाव्या शतकातील अहवालांत त्यांना ‘बॅरियर’ म्हणजे अडथळे असे नाव दिले गेले. पहिला दुम्मागुडेमजवळ, भद्राचलमच्या वर. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीजवळ. आणि तिसरा प्राणहितेवर, देवलमरीच्या आसपास. या तीन टप्प्यांच्या दरम्यान नदी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत नावा चालण्याइतकी खोल असते.

हे अडथळे पार करण्याचा विचार ज्यांनी मांडला त्यांत आर्थर कॉटन (1803–1899) हे नाव पहिले. मद्रास इलाख्यातील या अभियंत्याने 1847 ते 1852 या काळात राजमहेंद्रीखाली धवळेश्वरम येथे गोदावरीवर अनिकट बांधले. अनिकट म्हणजे नदीच्या संपूर्ण रुंदीवर आडवा घातलेला बुटका दगडी बांध. तो पाणी साठवत नाही, तर त्याची पातळी थोडी उचलून कालव्यांत वळवतो आणि पुराचे पाणी आपल्या डोक्यावरून जाऊ देतो. या बांधाने दुष्काळाने गांजलेला त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. कॉटनच्या दृष्टीने कालवा हा पाटबंधारा आणि रस्ता दोन्ही होता. एकाच पाण्याने शेते भिजावीत आणि मालही वाहावा, आणि रेल्वेपेक्षा जलमार्ग कितीतरी स्वस्त पडतो, हे मत त्याने आयुष्यभर हिरीरीने मांडले. त्याच्या हाताखालचा अभियंता फेलिक्स हेग याने 1850 च्या दशकात वरच्या गोदावरीची पाहणी करून ती नौकानयनास योग्य करता येईल असा अहवाल दिला, आणि पुढे ते काम त्याच्याचकडे आले. उपाय प्रत्येक अडथळ्यावर एकच होता: खडकाच्या वरच्या बाजूला अनिकट घालून पाणी उचलायचे, ते काठाने खोदलेल्या कालव्यात घ्यायचे, आणि कालव्यातील उतार जलपाशांनी तोडायचा. जलपाश म्हणजे दोन दरवाजांमधली दगडी कोठी; नाव आत शिरली की मागचा दरवाजा बंद करून कोठीत पाणी भरायचे किंवा सोडायचे, म्हणजे नाव पायरी चढावी तशी वरच्या वा खालच्या पातळीला येते. फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा मिदी कालवा 1681 मध्ये याच तत्त्वावर पूर्ण झाला होता. दुम्मागुडेम येथे अनिकट आणि जलपाशांसह कालवा प्रत्यक्षात उभा राहिला, आणि आगबोटी त्या भागात फिरू लागल्या.

योजनेला घाई आली ती अमेरिकेतील यादवीमुळे. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस युरोपात येणे जवळजवळ थांबले. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि फ्रान्समध्ये ल आव्र बंदरातून कापूस घेणाऱ्या रुआंच्या परिसरातही कामगार उपाशी राहू लागले. कापसाचा शोध घेणाऱ्यांची नजर साहजिकच वऱ्हाड आणि हिंगणघाटकडे वळली, कारण हिंगणघाटचा कापूस तेव्हा मध्य हिंदुस्थानातील उत्तम कापूस मानला जाई. हिंगणघाट वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. तेथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या पाण्यावरून चारशे मैलांहून अधिक प्रवास केला की काकीनाडा येते. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, 1862 ते 1867 या आपल्या कारकिर्दीत या योजनेचा मोठा पुरस्कर्ता होता आणि त्याने या नदीकाठाचा स्वतः दौरा केला.

त्याआधीच, 1860 च्या डिसेंबरात, निजामाशी झालेल्या तहाने या वाटेची राजकीय अडचण दूर झाली होती. त्या तहाचे मोल महाराष्ट्राच्या इतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही असे नमूद करणे भाग आहे. 1853 मध्ये कर्जापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेलेले धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश या तहाने निजामाला परत मिळाले, त्याचे कर्ज माफ झाले. बदल्यात त्याने गोदावरी आणि प्राणहितेच्या डाव्या काठावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि या नद्यांवरील मालवाहतुकीवर जकात न घेण्याचे मान्य केले. डाव्या काठावरचे हे तालुके म्हणजे सिरोंचा आणि त्याच्या खालचे नुगूर, अल्बाका, चेर्ला, भद्राचलम व राकापल्ली. जकातीची अट पाहता हा अदलाबदलीचा सौदा नदीच्या वाटेसाठी झाला हे स्पष्ट होते. धाराशिव आणखी 88 वर्षे निजामाच्या राज्यात राहिले आणि सिरोंचा मध्य प्रांतात येऊन अखेर महाराष्ट्राचा भाग झाले, या दोन दूरच्या गावांचे नशीब एकाच कागदावर ठरले. मराठवाडा आणि विदर्भ यांचा इतिहास एकमेकांपासून तोडून लिहिण्याची जी सवय आहे, तिच्यात हा दुवा निसटतो.

तहानंतर ‘अपर गोदावरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हा स्थापन झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे झाले. बस्तरच्या संस्थानावर अहवाल लिहिणारा कॅप्टन ग्लासफर्ड हा तेथला डेप्युटी कमिशनर होता. हा मुलूख तेव्हा नुकताच एका उठावातून बाहेर पडला होता. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी 1858 मध्ये गोंड, माडिया आणि रोहिले यांचे सैन्य उभारून इंग्रजांशी लढा दिला; त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तळ देऊन राहिलेल्या तारखात्याच्या गार्टलंड आणि हॉल या दोन माणसांना बंडवाल्यांनी ठार केले. बाबुरावांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी देण्यात आली. तारेची वाट आणि पाण्याची वाट या दोन्ही एकाच खोऱ्यातून, त्याच लोकांच्या जमिनीवरून नेल्या जात होत्या, आणि त्यांच्या संमतीचा प्रश्न कोणाच्याही अहवालात आला नाही. नौकानयनाच्या योजनेचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

योजनेचा शेवट मात्र बंडाने झाला नाही, तो रेल्वेने आणि ऋतुमानाने झाला. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि हिंगणघाटचा कापूस काही दिवसांत मुंबईच्या गोदीवर जाऊ लागला. नदीची वाट वर्षातले कित्येक महिने कोरडी; रेल्वे बारमाही. अमेरिकेतील युद्ध संपून तिकडचा कापूसही पुन्हा बाजारात आला होता. 1871 मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचे काम बंद केले, तिसऱ्या अडथळ्यापर्यंत ती वाट अखंड अशी कधीच पोचली नाही, आणि 1874 मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडून भद्राचलम व राकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्याला, तर सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. कॉटनने ही माघार कधीच मान्य केली नाही. त्याच्या आग्रहात अतिशयोक्ती होती हे खरे, परंतु पाण्याची वाट स्वस्त पडते हे त्याचे मूळ म्हणणे चुकीचे नव्हते; चुकीचे होते ते उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीकडून बारमाही काम घेण्याची अपेक्षा. पुढे बल्लारपूरहून काझीपेठेला जाणारी दक्षिणेची रेल्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस झाली तीही प्राणहितेच्या पलीकडून, मंचिर्यालवरून. परिणामी सिरोंच्याकडे ना आगबोट आली, ना आगगाडी. 26 ऑगस्ट 1982 रोजी स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात दीर्घ काळ वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते, आणि ते सिरोंच्यापासून जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे.

आलापल्लीहून रेपनपल्ली, जिमलगट्टा अशी गावे घेत जाणारा रस्ता सिरोंच्याला पोचतो तेव्हा जंगल मागे पडून काळ्या जमिनीतली कापसाची आणि मिरचीची शेते लागतात. गावात पाऊल ठेवताच कानावर तेलुगू पडते. दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत सुरुवात करतो, भाव ठरताना तेलुगूत जातो आणि बाजाराला आलेल्या माडिया बाईशी गोंडीत बोलतो. एका व्यवहारात तीन भाषा येणे येथे नवलाचे नाही. हे बहुभाषिकपण सीमेवरच्या कोणत्याही गावात आढळणारे असले तरी येथे त्याचे कारण नदी आहे, कारण व्यापार, सोयरीक आणि तीर्थ या तिन्ही गोष्टी रस्त्याने चंद्रपूरला जाण्याऐवजी पाण्यापलीकडे जात राहिल्या. गंभीर आजारी माणसाला आजही वारंगळ, करीमनगर किंवा मंचिर्यालला नेले जाते, आणि मिरची तोडणीच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीतले मजूर कुटुंबासह तेलंगणात जातात. नदीकाठी उंचावर ब्रिटिशकालीन विश्रामगृह आहे. तेथून खाली प्राणहितेचे अफाट पात्र दिसते आणि पलीकडच्या काठावर कालेश्वरचे देऊळ. त्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, एक यमाचे म्हणजे काळेश्वराचे आणि दुसरे मुक्तेश्वर शिवाचे. मुक्तेश्वरावर घातलेले पाणी भूमिगत वाटेने संगमावर निघते अशी भाविकांची श्रद्धा आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचे पुष्कर पर्व भरले, तेव्हा सिरोंचा आणि कालेश्वर या दोन्ही घाटांवर लाखो लोक स्नानाला आले. पुष्कर हा बारा वर्षांनी एकेका नदीवर येणारा, बृहस्पतीच्या राशीवर ठरणारा स्नानोत्सव होय. पूर्वी दोन्ही काठांमधली ये-जा नावेनेच होई. आता पूल झाला आहे.

सिरोंच्यापासून थोड्या अंतरावर नदीकाठी असलेले कोटा हे गाव भूशास्त्राच्या पुस्तकांत गावाच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे. तेथील चुनखडीत माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सापडले आणि त्या खडकांच्या थराला ‘कोटा फॉर्मेशन’ असे जगभर वापरले जाणारे नाव मिळाले. ‘फॉर्मेशन’ म्हणजे एकाच काळात, सारख्या परिस्थितीत साचलेल्या खडकांचा ओळखता येणारा समूह. याच तालुक्यातील पोचमपल्लीजवळ 1958 पासून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळत गेली. 1975 मध्ये त्याला ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव देण्यात आले, आणि त्याचा सुमारे 14 मीटर लांबीचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. वडधम येथे आता जीवाश्म उद्यान आहे.

पोचमपल्ली हे नाव आज मात्र वेगळ्या कारणाने ऐकू येते. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातील मेडीगड्डा बंधाऱ्याचे महाराष्ट्राकडील टोक येथे टेकले आहे. जून 2019 मध्ये या बंधाऱ्याचे उद्घाटन झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले, आणि दरम्यानच्या काळात सिरोंच्याच्या काठावरील शेतजमिनी पाण्याखाली गेल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी वारंवार मांडल्या. त्याच्याही खाली, सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीला मिळते, आणि त्या संगमाखालचा दुसरा अडथळा ज्या इंचमपल्लीच्या नावाने ओळखला गेला, त्याच नावाने विसाव्या शतकात एका मोठ्या धरणाची योजना पुढे आली. ते धरण आणि भोपालपट्टनमचे धरण झाले असते तर माडियांची शेकडो गावे आणि हे जंगल बुडाले असते. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी बाबा आमटे यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले आणि दोन्ही योजना मागे पडल्या. नदीचे पाणी नावेसाठी हवे होते तेव्हा आणि धरणासाठी हवे झाले तेव्हा, निर्णय घेणारे काठावर राहत नव्हते, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढचा टप्पा तेलंगणा आणि आंध्र प्रदेशाचा. दुम्मागुडेमचे अनिकट अजून पाण्यात उभे आहे. पापीकोंडलूच्या डोंगरांमधून गोदावरी चिंचोळी आणि खोल होऊन जाते, राजमहेंद्रीला ती पुन्हा मैलभर पसरते आणि धवळेश्वरमखाली तिच्या गौतमी आणि वसिष्ठ या दोन मुख्य शाखा होतात. गौतमीच्या काठी, जेथून कोरिंगा नावाचा फाटा निघतो तेथे, यानम आहे. फ्रेंचांनी तेथे 1723 मध्ये वखार घातली, चार वर्षांनी सोडली आणि 1731 मध्ये पुन्हा उघडली. त्यांना हवे होते ते गोदावरी जिल्ह्यातले सुती कापड. शेजारीच इंजरम येथे इंग्रजांची वखार होती, आणि दोघांची गलबते एकाच मुखातून समुद्रात जात. 1789 आणि 1839 च्या चक्रीवादळांनी कोरिंगा बंदर उद्ध्वस्त केले. 1839 च्या नोव्हेंबरात आलेल्या लाटेने गलबते जमिनीवर नेऊन टाकली. नदीने आणलेला गाळही मुखाशी साचत गेला. म्हणूनच कॉटन-हेग यांच्या योजनेतला कापूस धवळेश्वरमहून कालव्याने काकीनाड्याला नेण्याचा बेत होता, फ्रेंचांच्या दारावरून नव्हे. यानम त्यानंतरही फ्रेंचच राहिले. 13 जून 1954 रोजी तेथील फ्रेंच सत्ता उलथवली गेली, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, आणि 16 ऑगस्ट 1962 रोजी हस्तांतर कायदेशीर झाले. सुमारे 30 चौरस किलोमीटरचे हे गाव आज आंध्र प्रदेशाने वेढलेले असूनही पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. रस्त्यांवर तेलुगू, फ्रेंच काळातले चर्च, आणि नदीकाठी सायंकाळी फिरायला आलेली माणसे. समोरून जाणाऱ्या तपकिरी पाण्यात चपराळ्याच्या जंगलातला आणि हिंगणघाटच्या शेतांतला गाळ आहे, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नाही.

यानमने आपला फ्रेंच भूतकाळ जपला आहे आणि धवळेश्वरमला आर्थर कॉटनच्या नावाचे संग्रहालय आहे. सिरोंच्याचा वाटा या इतिहासात या दोहोंपेक्षा कमी नाही. उलट, त्याच्या वाट्याला आलेली तूट अधिक होती. हेग आणि टेंपल यांचे अहवाल, 1860 चा तह, अपर गोदावरी जिल्ह्याचा कारभार, 1858 च्या उठावाची बाजू आणि कोट्याचे जीवाश्म हे सारे एकत्र मांडणारे एक छोटे दालन सिरोंच्याच्या नदीकाठी उभारणे राज्याच्या पुरातत्त्व विभागाला अवघड नाही, आणि त्यातील मजकूर मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषांत असायला हवा. देवलमरीच्या कातळांची आणि काठावरील जुन्या खुणांची पद्धतशीर पाहणीही त्याबरोबरच व्हावी, कारण प्राणहितेवर नवे बांध आणि पूल होत असताना या खुणा पुसल्या जाण्याचा धोका दरवर्षी वाढत आहे. वाचकांपैकी ज्यांना हा प्रदेश पाहायचा असेल त्यांनी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे; तेव्हा नदीत पाणी असते, कातळही दिसू लागलेले असतात, आणि आगबोटी कोठपर्यंत येऊ शकल्या असत्या हे प्रत्यक्ष पाहता येते.